उंबरठ्याच्या आत : घर राखण्याच्या हक्काचा इतिहास

१/
मध्यरात्र उलटून गेली आहे. घराच्या मागच्या भिंतीशी काहीतरी खणल्याचा आवाज येतो. घरधनी जागा होतो आणि कोपऱ्यातली काठी उचलतो. पुढच्या काही क्षणांत जे घडेल त्याबद्दल न्यायालय नंतर त्याला प्रश्न विचारील. रात्र होती की दिवस? चोर आत शिरत होता की पळून जात होता? त्याच्या हातात काय होते? मदत मागण्याइतका अवधी होता का? हे सारे प्रश्न आजच्या भारतीय न्याय संहितेत आहेत. त्यांतला पहिला प्रश्न मात्र जवळजवळ अडीच हजार वर्षे जुना आहे.
घर राखण्याच्या हक्काचा हा इतिहास. #थ्रेड

२/
इ.स.पूर्व ४५० च्या सुमारास रोममध्ये कायदे प्रथमच बारा पटांवर लिहून लोकांसमोर मांडले गेले. त्यांत रात्रीच्या चोरासाठी वेगळा नियम होता. रात्री चोरी करताना चोर मारला गेला, तर तो वध कायदेशीर. दिवसा चोर सापडला, तर त्याने शस्त्र उगारले तरच त्याला मारण्याची मुभा होती, आणि तेव्हाही आधी मोठ्याने ओरडून आजूबाजूच्या लोकांना साक्षीला बोलवावे लागे. ज्यूंच्या धर्मग्रंथातील नियमही याच वळणाचा आहे. घर फोडताना सापडलेला चोर मेला तर मारणाऱ्यावर रक्ताचा दोष नाही. सूर्य उगवल्यानंतर मारला तर दोष आहे.

३/
रात्रीला एवढे महत्त्व का? कारण अंधारात घरधन्याला काहीच ठरवता येत नाही. समोर एकजण आहे की पाच, हातात पहार आहे की तलवार, तो भांडी न्यायला आला आहे की जीव घ्यायला, हे कळायला मार्ग नसतो. शेजारीपाजारी झोपलेले असतात. दिवसा चोर ओळखता येतो, त्याचे नाव सांगता येते, दुसऱ्या दिवशी त्याला चावडीवर खेचता येते. म्हणजे या नियमामागे चोराविषयीचा राग कमी आणि घरधन्याच्या भीतीची समज अधिक आहे. पुढे जगभरच्या कायद्यांनी हा भेद उचलला.

४/
भारतीय परंपरेतही रात्रीच्या घरफोडीची नोंद वेगळी आहे. भिंतीला भोक पाडून रात्री चोरी करणाऱ्यासाठी मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात दोन्ही हात तोडून सुळावर देण्याची शिक्षा सांगितली आहे. मातीच्या आणि विटांच्या घरांच्या काळात चोर दारातून येत नसे, भिंतीतून येई. शूद्रकाच्या ‘मृच्छकटिक’ नाटकातला शर्विलक चारुदत्ताच्या घराची भिंत फोडताना भोकाचा आकार कोणता असावा याचा विचार करतो आणि मापायला दोरी नाही म्हणून गळ्यातले जानवे वापरतो. हा विनोद प्रेक्षकांना समजत होता, कारण घरफोडीची ही रीत त्यांच्या परिचयाची होती.

५/
चोराला शिक्षा देणे हे राजाचे काम. पण राजा येईपर्यंत काय करायचे? धर्मशास्त्राचे उत्तर एका शब्दात आहे : आततायी. मूळ अर्थ, ज्याने धनुष्याची दोरी ताणली आहे असा. वसिष्ठ धर्मसूत्रात सहा आततायी मोजले आहेत : आग लावणारा, विष देणारा, शस्त्र उगारून आलेला, धन लुटणारा, शेत बळकावणारा आणि स्त्रीला पळवणारा. यांतले बहुतेक सगळे घराच्या उंबरठ्याशी येऊन उभे राहणारे धोके आहेत. असा आततायी अंगावर चालून आला तर विचार करत न बसता त्याला मारावे, मारणाऱ्याला दोष नाही, असे मनुस्मृती सांगते.

६/
आजच्या मराठीत ‘आततायी’ म्हणजे अविचारी, टोकाला जाणारा. शब्दाचा हा प्रवास मोठा सूचक आहे. हल्लेखोराचे नाव कालांतराने उतावीळ माणसाला चिकटले. खुद्द शास्त्रकारांनाही ‘विचार न करता मारावे’ हे वाक्य जड गेले होते. आततायी ब्राह्मण असेल तर? गुरू असेल तर? कल्याणीच्या चालुक्य दरबारात विज्ञानेश्वराने लिहिलेल्या ‘मिताक्षरे’त या प्रश्नाची सविस्तर चर्चा आहे. भगवद्गीतेच्या पहिल्याच अध्यायात अर्जुन कौरवांना आततायी म्हणतो आणि तरीही त्यांना मारून पापच लागेल असे सांगतो. हक्क आहे हे ठाऊक असूनही हात थबकतो, ही अवस्था तिथे आहे.

७/
शास्त्राचे वाक्य पोथीत. गावातली व्यवस्था वेगळीच. मराठा काळातील दख्खनच्या गावात घराचे रक्षण हे एकट्या घरधन्याचे काम नव्हते. ऐपतदारांच्या वाड्याला दगडी जोते, रस्त्याच्या बाजूला खिडक्या जवळजवळ नाहीत, जाडजूड दरवाजाला आतून आडवा अडसर, मोठे दार न उघडता एकावेळी एकच माणूस वाकून आत यावा म्हणून त्यात छोटा दिंडी दरवाजा, आणि आत पाऊल टाकताच पहारेकऱ्यांची देवडी. वाड्याची बांधणीच बचावाची होती. ज्यांच्याकडे वाडा नव्हता त्यांची भिस्त गावच्या राखणीवर.

८/
ही राखण मुख्यतः महार आणि रामोशी यांच्याकडे असे. रात्री गस्त घालणे, परक्या माणसावर नजर ठेवणे आणि चोरी झाली तर चोराच्या पावलांचा माग काढणे हे त्यांचे काम. माग शेजारच्या गावाच्या शिवेपर्यंत नेऊन पोहोचवला की जबाबदारी त्या गावावर येई. त्या गावाने तो पुढच्या शिवेपर्यंत न्यायचा. ज्या गावात माग हरवला, त्या गावाकडून नुकसान भरून घेण्याची रीत होती. पेशवाईच्या अस्तानंतर माऊंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने दख्खनच्या कारभाराची जी पाहणी केली, तीत या व्यवस्थेची दखल आहे. रात्रभर जागून इतरांची घरे राखणाऱ्या महारांची स्वतःची घरे मात्र गावकुसाबाहेर होती.

९/
आता एक वळण घेऊन लंडनला जावे लागते, कारण आजच्या भारतीय कायद्याची एक मुळी तिथे आहे. सतराव्या शतकाच्या आरंभी ब्लॅकफ्रायर्स भागात एका घरात दोन भागीदार राहत होते. त्यांतला एक कर्ज ठेवून वारला. त्याचा माल त्याच घरात होता. सावकार सेमेन याने न्यायालयाचा हुकूम मिळवला आणि शेरीफ माल जप्त करायला आला. मागे राहिलेला भागीदार ग्रेशम याने दार लावून घेतले. सेमेनने त्याच्यावर दावा लावला.

१०/
१६०४ मध्ये न्यायालयाने सेमेनच्या विरुद्ध निकाल दिला. एडवर्ड कोक या प्रसिद्ध विधिज्ञाने हा निकाल आपल्या वृत्तांतात नोंदवला आणि त्यातून ‘प्रत्येकाचे घर हा त्याचा किल्ला’ हे तत्त्व पुढच्या पिढ्यांना मिळाले. घर लुटायला किंवा जीव घ्यायला आलेल्या चोराला घरधन्याने वा त्याच्या नोकराने मारले तर तो गुन्हा नव्हे, हेही त्या निकालात आहे. मात्र एक भाग पुष्कळदा सांगायचा राहून जातो. राजा स्वतः पक्षकार असेल तर शेरीफ दार फोडू शकतो. अट इतकीच की आधी आपण का आलो आहोत हे सांगावे आणि दार उघडण्याची विनंती करावी.

११/
म्हणजे किल्ल्याच्या या तत्त्वाला पहिल्या दिवसापासून दोन बाजू होत्या. चोरासमोर घरधनी राजा. राजाच्या माणसासमोर घरधनी प्रजा, पण दार वाजवून, कारण सांगून आत येण्याइतका मान असलेली प्रजा. १७६५ मध्ये या मानाला आणखी बळ मिळाले. सरकारवर टीका करणाऱ्या जॉन एंटिक या लेखकाचे घर मंत्र्याच्या हुकुमाने फोडून कागदपत्रे नेली गेली. एंटिकने दावा केला आणि तो जिंकला. कायद्याने दिलेला अधिकार दाखवता येत नसेल, तर मंत्र्याचा हुकूम घेऊन येणाराही अतिक्रमण करणाराच ठरतो, असे लॉर्ड कॅमडनच्या न्यायालयाने सांगितले.

१२/
इंग्रजी कायद्यातही रात्र होतीच. घरफोडीचा गंभीर गुन्हा ठरण्यासाठी ती रात्री घडायला हवी. रात्र कधी सुरू होते? घड्याळे घरोघरी नव्हती. कसोटी अशी होती की माणसाचा चेहरा ओळखण्याइतका दिवसाचा उजेड उरला नसेल तर ती रात्र. मग लख्ख चांदणे असेल तर? अठराव्या शतकातील भाष्यकार ब्लॅकस्टोन सांगतो की चांदण्याचा उजेड मोजायचा नाही; नाहीतर मध्यरात्रीच्या कित्येक घरफोड्या रात्रीच्या ठरणारच नाहीत. कायद्याला आकाशाकडे पाहावे लागे, असा तो काळ होता.

१३/
१८३० च्या दशकात थॉमस मेकॉले भारताच्या पहिल्या विधी आयोगाचा अध्यक्ष झाला. त्या वेळी मुंबई इलाख्यात १८२७ चे रेग्युलेशन, बंगालात वेगळे नियम, फौजदारी न्यायात मुस्लिम कायद्याचे अवशेष आणि इलाख्यांच्या राजधान्यांत इंग्रजी कायदा अशी सरमिसळ होती. आयोगाने १८३७ मध्ये एकाच दंडसंहितेचा मसुदा सादर केला. त्यात खासगी बचावाच्या हक्कावर जोडलेली टीप या इतिहासात फार महत्त्वाची आहे.

१४/
इंग्लंडमध्ये कायदेपंडितांना चिंता होती ती लोक बचावाच्या नावाखाली अतिरेक करतील याची. मेकॉलेच्या आयोगाला भारतात उलटी चिंता वाटली. दरोडेखोरांच्या टोळ्यांपुढे इथली माणसे फार मुकाट्याने मान तुकवतात, असे त्यांचे मत होते. म्हणून हक्कावर बंधने वाढवण्यापेक्षा लोकांत मर्दुमकी जागवणे त्यांना अधिक इष्ट वाटले. दरोडेखोरांशी झुंजताना एखाद्याकडून मर्यादा ओलांडली गेली आणि त्याबद्दल तो फासावर गेला, तर त्याने होणारे नुकसान हक्काच्या गैरवापरापेक्षा मोठे, असा त्यांचा हिशेब होता.

१५/
या टीपेत परक्या राज्यकर्त्याचा तोरा आहे, यात शंका नाही. एका अख्ख्या लोकसमूहाला भित्रे ठरवून त्याला धैर्य शिकवण्याची भाषा साम्राज्याला शोभणारीच होती. आणि तरीही या तोऱ्यातून जन्मलेले कलम सामान्य घरधन्याच्या बाजूने झुकलेले निघाले, हे नाकारता येत नाही. भारतीय दंड संहिता १८६० मध्ये मंजूर झाली आणि १ जानेवारी १८६२ पासून लागू झाली. तिची कलमे ९६ ते १०६ खासगी बचावाच्या हक्काची.

१६/
घराच्या दृष्टीने कळीचे कलम १०३. मालमत्तेच्या रक्षणासाठी हल्लेखोराचा जीव घेण्यापर्यंत हक्क केव्हा पोहोचतो, हे त्यात आहे. प्रसंग चार : जबरी चोरी, रात्रीची घरफोडी, राहत्या घराला, तंबूला, नौकेला किंवा माल साठवण्याच्या जागेला आग लावणे, आणि चौथा, चोरी, नासधूस किंवा घरात घुसखोरी अशा रीतीने होत असेल की प्रतिकार न केल्यास मृत्यू वा जबर दुखापत होईल अशी रास्त भीती वाटावी. दिवसाची घरफोडी या यादीत स्वतंत्रपणे नाही. भीतीची अट पूर्ण झाली तरच ती चौथ्या प्रकारात बसते. बारा पटांवरचा रात्र-दिवसाचा भेद असा मुंबई-पुण्याच्या कोर्टांत येऊन पोहोचला.

१७/
हक्काला कुंपणही होते. सरकारी यंत्रणेची मदत मागण्याइतका वेळ असेल तर हक्क नाही. बचावाला लागेल त्याहून अधिक इजा करता येत नाही. चोर माल टाकून पळाला, धोका सरला, की हक्कही सरला. पाठलाग करून सूड उगवणे हा बचाव नव्हे. मात्र रात्री घर फोडून आत आलेला माणूस जोवर आत आहे तोवर घरधन्याचा हक्क चालू राहतो, असे कलम १०५ स्पष्ट सांगते.

१८/
संहितेतील उदाहरणे कोरड्या कायद्यात अचानक एखादी गोष्ट सांगून जातात. कलम ९८ खालचे एक उदाहरण असे. एक माणूस रात्री एका घरात शिरतो. त्या घरात जाण्याचा त्याला कायद्याने हक्क आहे. आतला माणूस त्याला प्रामाणिकपणे चोर समजतो आणि त्याच्यावर तुटून पडतो. हल्ला करणाऱ्याने गुन्हा केलेला नाही, कारण त्याचा गैरसमज प्रामाणिक होता. पण ज्याच्यावर हल्ला झाला त्यालाही बचावाचा पूर्ण हक्क आहे. अंधारात दोन निर्दोष माणसे एकमेकांशी झुंजत आहेत आणि कायदा दोघांनाही बरोबर म्हणतो. हक्काची ही बाजू विसरली की त्याचा अर्थ अर्धाच उरतो.

१९/
हक्क कागदावर आला, पण हातात काय होते? १८५७ च्या उठावानंतर शस्त्रे काढून घेण्याची मोहीम सुरू झाली आणि १८७८ मध्ये लॉर्ड लिटनच्या काळात शस्त्रास्त्र कायदा आला. परवान्याशिवाय शस्त्र बाळगणे गुन्हा ठरले. युरोपियनांना मात्र सवलत होती. मेकॉलेला दरोडेखोरांपुढे ताठ उभी राहणारी प्रजा हवी होती. लिटनला निःशस्त्र प्रजा हवी होती. १८८७ च्या मद्रास अधिवेशनात राष्ट्रीय सभेने या कायद्यात बदल मागणारा ठराव केला.

२०/
या हक्काची सर्वांत कडवट परीक्षा पुण्यात झाली. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात प्लेगचे निदान झाले. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा संमत झाला. जेमतेम चार कलमांचा हा कायदा सरकारला साथ रोखण्यासाठी लागतील ते नियम करण्याची मुभा देत होता. नियम मोडणाऱ्याला शिक्षा, आणि सद्भावनेने काम करणाऱ्या अधिकाऱ्यांवर दावा लावता येणार नाही, अशी तजवीजही त्यात होती. पुण्यात प्लेग समितीचा अध्यक्ष म्हणून वॉल्टर चार्ल्स रँड आला.

२१/
मार्चच्या मध्यापासून मेपर्यंत घरझडत्या चालल्या. लपवलेले रोगी शोधण्यासाठी डरहॅम लाइट इन्फन्ट्रीचे गोरे शिपाई पेठापेठांतून घरात शिरू लागले. स्वयंपाकघर आणि देवघरापर्यंत बूट पोहोचले. सामान बाहेर काढून जाळले गेले, रोग्यांना इस्पितळात आणि घरच्यांना विलगीकरणाच्या छावणीत हलवले गेले. लोकांच्या धर्मभावना जपल्या जात आहेत, असा अधिकाऱ्यांचा दावा होता. बायकांच्या उघड्यावरील तपासणीच्या आणि सामान चोरीला गेल्याच्या तक्रारी वेगळेच सांगत होत्या. रोग खरा होता, माणसे खरोखर मरत होती. टिळकांचाही स्वच्छतेच्या उपायांना तत्त्वतः विरोध नव्हता. त्यांनी हिंदू प्लेग इस्पितळ उभारण्यात पुढाकार घेतला होता. विरोध होता तो रीतीला.

२२/
कायद्याच्या दृष्टीने पुण्याच्या घरधन्याची स्थिती काय होती? कलम ९९ वाचले की उत्तर मिळते. लोकसेवक आपल्या अधिकारपदाच्या नात्याने सद्भावनेने काही करत असेल आणि त्यातून मृत्यूची वा जबर दुखापतीची रास्त भीती नसेल, तर त्याच्याविरुद्ध खासगी बचावाचा हक्क नाही. ते कृत्य काटेकोरपणे कायद्यात बसत नसले तरीही नाही. लोकसेवकाच्या हुकुमाने काम करणाऱ्यालाही हेच संरक्षण. म्हणजे रात्री भिंत फोडून येणाऱ्या चोरापुढे काठी उचलता येत होती. भरदिवसा देवघरात शिरणाऱ्या शिपायापुढे ती खाली ठेवावी लागत होती. लंडनच्या शेरीफला दाराशी उभे राहून कारण सांगावे लागे. पुण्याच्या वाट्याला तेवढा मान आला नाही.

२३/
मग गाऱ्हाणे मांडायचे कुठे? दावा लावायला साथरोग कायद्याची आडकाठी. अर्ज-विनंत्यांना उत्तर नाही. गोपाळ कृष्ण गोखले तेव्हा इंग्लंडमध्ये होते. शिपायांनी स्त्रियांवर अत्याचार केल्याचे पुण्याहून कळवले गेले आणि त्यांनी ते तिथल्या वृत्तपत्रातून मांडले. परतल्यावर पुरावा घेऊन कोणी पुढे यायला तयार झाले नाही आणि गोखल्यांना जाहीर माफी मागावी लागली. घरात काय घडले हे सांगायचे तर घराची अब्रू चव्हाट्यावर मांडावी लागत होती. ती किंमत द्यायला फारसे कोणी तयार नव्हते.

२४/
१२ जून १८९७ रोजी शिवराज्याभिषेक उत्सवात टिळकांचे भाषण झाले. १५ जूनच्या ‘केसरी’त त्याचा वृत्तांत आला. विषय अफजलखानाच्या वधाचा. त्यात दृष्टांत आला तो घरात शिरलेल्या चोरांचा : त्यांना हाकलण्याची ताकद मनगटात नसेल तर त्यांना कोंडून जाळून टाकावे, अशा आशयाचा. पीनल कोडची चौकट ओलांडून गीतेच्या उंचीवरून थोरांच्या कृत्यांकडे पाहावे, असेही त्यात होते. ज्या पुण्यात गेले तीन महिने घरांत शिरणे हाच रोजचा विषय होता, त्या पुण्याला या दृष्टांताचा अर्थ कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती.

२५/
२२ जूनच्या रात्री गणेशखिंड रस्त्यावर रँड आणि लेफ्टनंट आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. दामोदर चापेकरांनी आपल्या निवेदनात घरझडतीतील जुलमाचे कारण दिले. कायद्याने हा बचाव नव्हता. झडत्या थांबून महिना उलटला होता, आणि धोका सरल्यावर केलेला वार कोणत्याही संहितेत बचाव ठरत नाही. चापेकर बंधू आणि महादेव रानडे फासावर गेले. टिळकांवर राजद्रोहाचा खटला झाला. सहा युरोपियन आणि तीन भारतीय अशा ज्यूरीने सहा विरुद्ध तीन मतांनी त्यांना दोषी ठरवले आणि दीड वर्षाची सजा झाली. पुढच्या वर्षी, मार्च १८९८ मध्ये, मुंबईत विणकर वस्तीतील एका आजारी मुलीला न्यायला आलेल्या पथकाला घरच्यांनी अडवले आणि त्यातून शहरभर दंगल पेटली. दारातली ही लढाई पुण्यापुरती नव्हती.

२६/
स्वतंत्र भारताने दंड संहिता तशीच ठेवली. हक्काचा अर्थ लावण्याचे काम सर्वोच्च न्यायालयाकडे आले. १९६२ मध्ये जयदेव विरुद्ध पंजाब राज्य या खटल्यात न्या. प्र. बा. गजेंद्रगडकरांनी दोन गोष्टी एकत्र सांगितल्या. हल्ला होत असलेल्या माणसाच्या वागणुकीचे मोजमाप न्यायालयातल्या शांत अलिप्ततेने करू नये. त्या क्षणीची त्याची भीती आणि गोंधळ ध्यानात घ्यावा. पण त्याच निकालात आरोपींचे अपील फेटाळले गेले. शेतजमिनीच्या वादात गोळ्या झाडल्या गेल्या तेव्हा समोरची माणसे पळत सुटली होती आणि धोका संपला होता. २०१० च्या दर्शन सिंग खटल्यात न्यायालयाने आधीच्या निकालांतली तत्त्वे एकत्र मांडली आणि आरोपींची मुक्तता केली.

२७/
त्याच १९६२ मध्ये दुसरा एक खटला निकाली निघाला. उत्तर प्रदेशातील खडक सिंग याला १९४१ मध्ये दरोड्याच्या प्रकरणात पकडले होते आणि पुरावा नसल्याने सोडून दिले होते. तरीही पोलिसांनी त्याला पाळतीच्या यादीत ठेवले. गावचा चौकीदार आणि कधीकधी शिपाई रात्री त्याच्या घरी येत, दार ठोठावत, हाका मारत, त्याला झोपेतून उठवत. पोलीस नियमावलीत तशी तरतूदच होती. खडक सिंग सर्वोच्च न्यायालयात गेला.

२८/
सहा न्यायमूर्तींच्या पीठाने रात्रीच्या या भेटी घटनाबाह्य ठरवल्या. बहुमताचा निकाल न्या. राजगोपाल अय्यंगार यांनी लिहिला. त्यात वऱ्हाडातून आलेले न्या. ज. रा. मुधोळकरही सहभागी होते. कलम २१ मधील व्यक्तिस्वातंत्र्याचा अर्थ उलगडताना त्यांनी आधार घेतला तो १६०४ च्या सेमेन खटल्याचा, ‘घर हा किल्ला’ या तत्त्वाचा. पाळतीची बाकीची कलमे मात्र त्यांनी शाबूत ठेवली आणि खासगीपणाचा स्वतंत्र मूलभूत हक्क मान्य केला नाही. ती उणीव २०१७ मध्ये पुट्टस्वामी खटल्यात नऊ न्यायमूर्तींनी एकमताने भरून काढली.

२९/
१ जुलै २०२४ पासून दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. कलमे ९६ ते १०६ आता ३४ ते ४४ झाली. जुने १०३ आता ४१ आहे. ‘रात्रीची घरफोडी’ या शब्दांऐवजी ‘सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी’ असे शब्द आले; जुन्या संहितेत हाच अर्थ कलम ४४६ मध्ये दिला होता. आगीच्या जोडीला स्फोटक पदार्थ आले. लोकसेवकाला संरक्षण देणारे जुने कलम ९९ नव्या ३७ मध्ये जवळजवळ त्याच शब्दांत कायम आहे. घराच्या दाराशी सरकारचा माणूस उभा असेल तर आजही काठी उचलण्याचा मार्ग नाही. मार्ग आहे तो नंतर न्यायालयात जाण्याचा. १८९७ च्या पुणेकराला तो मार्ग बंद होता. खडक सिंगाला तो मोकळा होता, हाच दोन काळांतला फरक.

३०/
मेकॉलेने हा हक्क मोकळा ठेवला तो दरोडेखोरांच्या भीतीने. सव्वाशे वर्षांनी त्याच देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने उंबरठ्याचा मान राखला तो दरोड्याचा संशय असलेल्या माणसाच्या घराचा. खडक सिंग पुढे निर्दोष होता की नव्हता, हा प्रश्न त्या निकालात नव्हताच. प्रश्न एवढाच होता की रात्री आपल्या घरात त्याला झोपता यावे की नाही. न्यायालयाने सांगितले, यावे.
(समाप्त)